आजऱ्यात ऐकलेली साथ

आजरा म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला तीन गोष्टी आठवतात: घनसाळ तांदूळ, काजू आणि पाऊस. वाचनाची आवड असणाऱ्याला चौथीही आठवते, ती म्हणजे 'मृत्युंजय'कार शिवाजी सावंत यांचा जन्म याच गावचा. आम्ही मात्र आजऱ्याला गेलो ते यांपैकी कशासाठीही नव्हे. आम्ही गेलो होतो साथ ऐकायला.

त्याला कारण झाला आमच्या विहारातला एक वाद. विहाराचे गायन पथक उभे करायचे ठरले. निम्मी मंडळी म्हणाली, एक कीबोर्ड आणि चांगला साउंड घेतला की झाले. निम्मी म्हणाली, ढोलकी-पेटीशिवाय भीमगीत कसले? दोन्ही बाजू हिरिरीने बोलत होत्या. पण गाण्यामागे वाजणारी वाद्ये नेमके काय काम करतात, हे कोणालाच नीट सांगता येईना. तेव्हा कोणीतरी सांगितले, आजरा तालुक्यातल्या एका गावी जुन्या जलशात वाजवलेले एक ढोलकीवाले आजोबा आहेत, ते अजून पोरांना शिकवतात. भातकापणीचे दिवस होते. दोन जोडपी आणि आमच्यातल्या एकाची आठवीत शिकणारी मुलगी, असे आम्ही पाच जण शनिवारी सकाळी कोल्हापूरच्या स्टँडवर एस.टी.त बसलो.

निपाणीवरून आजऱ्याकडे

गाडी कागल, निपाणी, उत्तूर या मार्गाने जाते. निपाणी आज कर्नाटकात आहे. तंबाखू आणि विडी कामगारांचे हे गाव आपल्या चळवळीच्या इतिहासातही आहे. १९२५ साली मुंबई इलाख्यातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली येथे भरली होती. त्याआधी १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, तिला राजर्षी शाहू महाराज स्वतः हजर होते. ज्या मुलखातून आपण दोन तासांत झोपा काढत जातो, त्या मुलखातून आपली माणसे तेव्हा भाकरी बांधून पायी सभेला जात होती. मुलीला हे खिडकीतून दाखवत दाखवत सांगितले.

निपाणीला महामार्ग सुटतो आणि रस्ता डोंगराकडे वळतो. उत्तूर गेले की हवा बदलते. खाचरांत कापलेल्या भाताचे भारे पडलेले, मध्येच काजूची झाडे आणि लांबवर सह्याद्रीची निळी रेघ. घनसाळ हा इथला सुवासिक तांदूळ. त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. आजरा गाव हिरण्यकेशीच्या काठी आहे. ही नदी आंबोलीजवळ उगम पावते, आजरा आणि गडहिंग्लज तालुक्यांतून वाहत कर्नाटकात जाते आणि घटप्रभेला मिळते.

नकाशात पाहिले तर आजऱ्याची जागा ध्यानात येते. पश्चिमेला आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी, म्हणजे तळकोकण. पूर्वेला गडहिंग्लजच्या पलीकडे कर्नाटकाची सीमा. उत्तरेला भुदरगड ओलांडून कोल्हापूरचा देश. तीन बाजूंचे बाजार इथे जोडलेले आहेत, तसेच तीन बाजूंचे आवाजही.

देशावरून येते हलगी. कुस्तीचे मैदान असो, जत्रा असो, हलगी, घुमके आणि कैताळ ही तिघे एकत्र वाजतात. कोकणातून दशावतार घाट चढून येतो, तो पायपेटी, मृदंग आणि चक्की घेऊन. चक्की म्हणजे झांज. सीमेकडून येते चौंडके आणि तुणतुणे, जोगत्या-जोगतिणींच्या हातातले. या शेवटच्या आवाजामागे आपल्या लेकींचे दुःख आहे. देवाला मुली सोडण्याची चाल कर्नाटकाने १९८२ च्या आणि महाराष्ट्राने २००५ च्या कायद्याने बंद केली. म्हणून कुठलाही आवाज ऐकताना तो कानाला गोड लागतो की नाही, एवढेच पाहून आपल्याला चालत नाही. तो कोणाच्या हातून, कोणाच्या हुकमाने आला, हेही विचारावे लागते. ही गोष्ट पुढे पुन्हा येईल.

पाण्याचा सूर

संध्याकाळपर्यंत वेळ होता म्हणून आम्ही रामतीर्थाला गेलो. आजऱ्यापासून जवळच हिरण्यकेशीचे पाणी खडकांवरून खाली पडते. लोक देवळासाठी येतात, आम्ही पाण्यासाठी गेलो. काठावर बसून डबे उघडले. आमच्यातले एक जण पेटी वाजवतात. ते मुलीला म्हणाले, "डोळे मीट आणि सांग, काय काय ऐकू येतं?"

ती म्हणाली, "पाणी. मग एक पक्षी. मग लांब कोणीतरी कपडे आपटतंय."

"हेच गाणं," ते म्हणाले. "पाणी थांबत नाही, त्याला चाल नाही. तो आधाराचा सूर. पक्षी मध्येच बोलतो, ती चाल. कपडे आपटणं ठराविक अंतरानं येतं, तो ठेका."

कापडाला जसा पोत असतो तसा संगीतालाही असतो. इचलकरंजीच्या यंत्रमागावर काम केलेल्या आपल्या बांधवांना हे सांगायला नको. उभे धागे किती, आडवे किती, सूत जाड की बारीक, वीण घट्ट की विरळ, यावरून कापड ठरते. रंग एकच असला तरी मांजरपाट वेगळा आणि मलमल वेगळी. तसेच एकच गाणे एकटा माणूस म्हणतो तेव्हा वेगळे लागते. त्याला तुणतुण्याचा आधार मिळाला, ढोलकी मिळाली, मागे चार जणांनी झील धरली की प्रत्येक वेळी त्याचा पोत बदलतो. चाल तीच, शब्द तेच, पण अंगावर येणारे कापड निराळे.

आधाराच्या सुराचे सर्वांत जुने वाद्य आपल्या घरातच होते. ते म्हणजे जाते. पहाटे दळायला बसलेल्या आयाबायांना तंबोरा कोण देणार? दगडावर दगड फिरायचा, त्याची घरघर हाच सूर आणि खुंट्याची फेरी हाच ठेका. एकीने ओवी सोडली की दुसरी ती उचलायची. पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइतेवां यांनी १९८० च्या दशकापासून गावोगावच्या बायांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत बाबासाहेबांवरच्या आणि रमाईवरच्या ओव्या आहेत. ज्या बायांना अक्षर येत नव्हते, त्यांनी जात्याच्या साथीवर बाबासाहेब घरोघर पोहोचवले. आमच्यातल्या एकीच्या आजीला अशा ओव्या पाठ होत्या. दळण गिरणीत जाऊ लागले आणि ओव्या थांबल्या, कारण साथच गेली. हे ती सांगत होती तेव्हा सगळे गप्प होतो. पाणी मात्र चालूच होते.

विहारातली तालीम

संध्याकाळी आम्ही त्या गावी पोहोचलो. वस्तीतला विहार लहान पण स्वच्छ. २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाची तालीम चालू होणार होती. चहा झाला आणि आधी वंदना झाली.

त्रिसरण-पंचशील म्हणताना कुठलेही वाद्य नव्हते. लहान-थोर, बाया-पुरुष एकाच सुरात म्हणत होते. हा संगीताचा सर्वांत साधा पोत, एकच धागा. ते योग्यही आहे. वंदनेत शब्द समजून घ्यायचा असतो. अष्टशीलात तर नाच, गाणे, वाजवणे यांपासून दूर राहण्याचे शील आहे आणि भिक्खूंनाही ते लागू आहे. म्हणून परित्राण पाठ वाद्याविना होतो. पण पंचशील पाळणाऱ्या घरच्या माणसाला गाण्याची मनाई नाही. औरंगाबादच्या लेण्यांत सातव्या क्रमांकाच्या लेण्यात मधोमध नाचणारी स्त्री आणि तिच्या दोन्ही अंगांना वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. ज्यांनी लेणी कोरवली त्यांना साथसंगत परकी नव्हती.

वंदना संपली आणि आजोबांनी ढोलकी पुढे ओढली. वय पंचाहत्तरच्या आसपास, बोटे वाळलेल्या शेंगांसारखी. पेटीवर गावातलेच एक शिक्षक. तुणतुणे एका शेतमजूर दादांकडे. गाणार होत्या आजोबांच्या सूनबाई. आजोबांचा कॉलेजात जाणारा नातू कीबोर्ड घेऊन बसला होता. गाणे राज्यघटनेवरचे, वस्तीतल्याच एका मावशींनी रचलेले.

पहिल्यांदा आजोबांनी मुद्दाम सारे हात मोकळे सोडले. ढोलकी कडकडत राहिली, पेटी भरून वाजली, टाळ्या झाल्या, मजा आली. गाणे संपल्यावर आजोबांनी मागे बसलेल्या बायांना विचारले, "तिसऱ्या कडव्यात काय म्हटलं?"

कोणालाच सांगता येईना.

मग तेच गाणे पुन्हा. या वेळी ओळ चालू असताना ढोलकी नुसता साधा ठेका धरून होती, केरव्याच्या आठ मात्रा, बस्स. ओळ संपली की आजोबांचा हात उठायचा. एक छोटा तुकडा, एक तिहाई, आणि पुढची ओळ सुरू होताच हात पुन्हा खाली. गाणे संपल्यावर दारात उभ्या असलेल्या चौथीतल्या पोराने तिसरे कडवे सगळे म्हणून दाखवले.

आजोबा म्हणाले, "गाणाराचं तोंड उघडलं की माझा हात खाली. गाणाराचं तोंड मिटलं की माझा हात वर. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मी ढोलकी आली. बाकीची निम्मी रियाजानं येती."

साथीचे धागे

त्या रात्री जे समजले ते वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. आपल्या गाण्याच्या साथीत चार कामे असतात आणि प्रत्येक कामाला माणूस लागतो.

पहिले काम आधाराचा सूर धरण्याचे. तुणतुणे त्यासाठी. एकच तार, तिच्यावर एकच सूर. दिसायला सर्वांत सोपे, पण गाणारी सुरातून घसरली तर तिला परत आणणारे तेच. तार छेडण्याचा आघात ठरलेल्या अंतराने येतो, म्हणून ते सुराबरोबर लयही धरते.

दुसरे काम चालीची पाठराखण करण्याचे. ते पेटीचे. पेटी गाणाऱ्याबरोबर तीच चाल वाजवते, पण अर्धे पाऊल मागून, आणि जरा वेगळ्या वळणाने. गळा जिथे सूर घासून नेतो तिथे पेटीला पायऱ्या चढाव्या लागतात, कारण तिचे स्वर ठरलेले असतात. त्यामुळे एकाच चालीची दोन रूपे एकदम कानावर येतात. कव्वालीत, भजनात, जलशात हा पोत सगळीकडे आहे. पेटी मूळची युरोपातली. पॅरिसमध्ये १८४२ साली तिचे पेटंट घेतले गेले. आपल्या आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दारात उभे केले नव्हते. म्हणे तिला भारतीय गाणे जमत नाही! आपल्या शाहिरांनी मात्र ती गळ्यात अडकवून गावोगाव नेली. तीच गत बुलबुलतरंगाची, ज्याला आपण बेंजो म्हणतो. १९१२ साली जपानात टाइपरायटरसारख्या कळा लावून एक तंतुवाद्य निघाले, त्याचे हे भावंड. कव्वालीच्या मुकाबल्यात आणि मुंबईच्या चाळींत ते आपले होऊन गेले.

तिसरे काम ठेक्याचे. ढोलकीला दोन तोंडे. उजव्या पुडीवर शाई असते, ती वरच्या आवाजात बोलते. डावी धूम, ती खालून घुमते. शब्दाच्या वेळी धुमेचा घुमारा आवरायचा, हे आजोबांच्या हातात मुरलेले होते.

चौथे काम झील धरण्याचे. शाहीर ओळ टाकतो, मागचे झीलकरी ती उचलतात किंवा शेवटचा सूर लांबवतात. त्यामुळे शाहिराला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला ओळ दुसऱ्यांदा मिळते. ज्या सभेत वाचता येणारे थोडे होते, तिथे ही दुसरी वेळ फार मोलाची होती. झील म्हणजे एक प्रकारची उजळणी.

आंबेडकरी जलशाचे बळ यातच होते. भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी १९३० च्या दशकात तमाशाचा साज उचलला, ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झील तीच. पण त्यावर शब्द ठेवला हक्काचा. पुढे वामनदादा कर्डक (१९२२ ते २००४) यांनी साध्या चालींवर हजारो माणसांना विचार पाठ करून दिला. कर्डकांनी या जलशांवर लिहिलेले पुस्तक १९७८ साली आले. ते ज्यांना मिळेल त्यांनी जरूर वाचावे.

नातवाचा कीबोर्ड

नातवाची पाळी आली. त्याने गाण्याखाली एकदम तीन-तीन स्वरांच्या जुड्या दाबल्या. आमच्या मुलीला ते आवडले, सिनेमातल्यासारखे वाटले. पण दोन ठिकाणी गाणे आणि जुडी यांची टक्कर झाली आणि सूनबाई थबकल्या.

हा पोत वाईट नाही, तो वेगळ्या घरचा आहे. अनेक वेगवेगळे स्वर एकाच वेळी जुळवून गाण्याची रीत युरोपात वाढली. अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या वंशजांनी ती आपली केली. फिस्क विद्यापीठाच्या गायकांचा संच १८७१ साली देशभर फिरला, चार-चार आवाजांत गुलामीतली गाणी गाऊन त्यांनी कॉलेजसाठी पैसा उभा केला. याच फिस्कमध्ये पुढे विचारवंत ड्यू बॉइस शिकले. १९४६ साली बाबासाहेबांनी ज्यांना पत्र लिहिले तेच हे ड्यू बॉइस. या गायकांची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ही गाणी परक्यांपुढे गायला ते सुरुवातीला तयार नव्हते. ती गुलामीची आठवण होती आणि त्यांच्या प्रार्थनेतली खाजगी ठेवही. पुढे तीच गाणी त्यांच्या माणसांचा अभिमान झाली.

पेटीवाल्या गुरुजींनी नातवाला सुचवले, "तीन स्वर दाबू नकोस. सा आणि प धरून ठेव, तुणतुण्यासारखे." त्याने तसे केले. कीबोर्ड एकदम मऊ झाला आणि सूनबाईंचा आवाज वर आला. यंत्र नवे की जुने हा प्रश्नच नव्हता. त्याला कुठले काम द्यायचे हा प्रश्न होता. आमच्या विहारातल्या वादाचे निम्मे उत्तर इथे मिळाले.

टांगलेली हलगी

दुसरे निम्मे अवघड होते. तालीम संपता संपता नातवाने विषय काढला. त्याला संविधान दिनाच्या फेरीत हलगी वाजवायची होती. शेजारच्या मातंग वस्तीतल्या मित्राच्या वडिलांकडून तो ती शिकला होता. विहारात शांतता पसरली.

आजोबांच्या वडिलांना गावकीत हलगी वाजवावी लागे. जत्रेला वाजवायची, मिरवणुकीपुढे वाजवायची, मयताला वाजवायची आणि मजुरी म्हणून वाढलेले घ्यायचे. वाजवणाऱ्याने देवळाच्या पायरीखाली थांबायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात वतनाच्या या गुलामीविरुद्ध बिल मांडले. ती वतने कायद्याने रद्द झाली १९५८ मध्ये. पण आपल्या माणसांनी कायद्याची वाट पाहिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्त्यावस्त्यांनी गावकीची कामे नाकारली. आजोबांच्या वडिलांनी हलगी आढ्याला टांगली. गावाने बोलणे टाकले, काम टाकले, तरी ती खाली उतरली नाही.

एक वृद्ध मावशी म्हणाल्या, "त्यो आवाज ऐकला की मला सासऱ्याचं वाकल्यालं पाठाण दिसतंय. नगं ती हलगी."

नातू म्हणाला, "पण मावशी, वाद्याचा काय दोष? लोखंडाचं कडं आणि कातडं."

आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या बानं टाकली ती हलगी न्हवं. त्यानं टाकला तो हुकूम. कुणीतरी म्हणायचं वाजिव, की वाजवायचं, त्ये टाकलं. आता ह्यो सोताच्या मनानं वाजिवतोय."

मग त्यांनी अटी घातल्या. हलगी वाजायची ती फेरीत, मोकळ्यावर, विहारात नाही. वाजवणाऱ्याचे आणि त्याला शिकवणाऱ्याचे नाव माईकवरून गाणाऱ्याच्या नावाबरोबर सांगायचे. आणि कार्यक्रमात वाजवणारे बसतील ते गाणाऱ्यांच्या ओळीत. शिकवणाऱ्या मातंग बांधवांना आधी जाऊन आमंत्रण द्यायचे. ज्यांनी हे कसब जपले त्यांना आपण खाली पाहिले, तर मग आपल्यात आणि गावकीत फरक काय?

मावशींचे समाधान झाले नाही. त्या तसे म्हणाल्याही. त्यांना कोणी गप्प केले नाही. ज्यांच्या घराने ते सोसले त्यांचा नकारही मानाने ऐकला पाहिजे.

रात्री नातवाने आम्हाला हलगी जवळून दाखवली. शेकोटीपाशी धरून तापवली की कातडे ताणते आणि आवाज चढतो. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लवचीक काडी. जाड टिपरू ठेका ठेवते, काडी मधली जागा भरते. म्हणजे एका माणसाच्या दोन हातांतच साथ आणि गाणे दोन्ही असते. घुमके खालून आवाज देते आणि कैताळ दोघांना एकत्र बांधते. ज्याला लोक नुसता दणका समजतात, त्याचा पोत इतका बारीक विणलेला आहे.

भिंतीएवढा आवाज

परतताना गाडीत बोलणे निघाले ते जयंतीच्या मिरवणुकीचे. ट्रकवर स्पीकरची भिंत उभी करायची आणि त्यात भीमगीते लावायची, ही रीत आता शहरांतून खेड्यांतही पोहोचली आहे. पोरांचा उत्साह आम्हाला कळतो. वर्षभर मान खाली घालून काम करणाऱ्याला एक दिवस छाती काढून रस्त्यावर यावेसे वाटते. पण त्या भिंतीतून गाण्याचे काय ऐकू येते? फक्त धडधड.

त्याला कारण आहे. खालच्या पट्टीचा मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो. शब्दांतले स, श, त, क हे वर्ण अगदी बारीक आणि क्षणाचे असतात. ते बुडाले की शब्द बुडाला. मग ज्या शाहिराने रात्र जागून ओळ लिहिली, तिची फक्त चाल उरते. कानांचेही पाहा. अमेरिकेतल्या कामगार आरोग्य संस्थेच्या हिशेबाने ८५ डेसिबलचा आवाज ८ तासांपर्यंत चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे. गिरणीत, मागावर ज्यांचे कान गेले ते आपलेच लोक. निदान आपल्या आनंदात तरी लेकरांचे कान जाऊ नयेत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, आणि सणासुदीला राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देऊ शकते. हे नियम सर्वांनाच आहेत, फक्त आपल्याला नाहीत. इतरांच्या भिंती दिसत नाहीत आणि आपलीच दिसते, ही तक्रारही खरी आहे. पण दुसऱ्याची भिंत मोठी म्हणून आपण आपला शब्द का गाडावा?

तथागतांच्या चरित्रात वीणेच्या दोन गोष्टी आहेत. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट पुष्कळांना माहीत असते. तार फार ताणू नये, फार सैल सोडू नये. दुसरी गोष्ट कमी लोक सांगतात. ती दीघनिकायातल्या सक्कपञ्ह सुत्तात आहे. पञ्चसिख नावाचा गायक वीणा वाजवत तथागतांपुढे गातो. कथेत तो गंधर्व आहे, ते बाजूला ठेवू. पाहण्यासारखी आहे ती तथागतांनी केलेली पारख. त्यांनी दाद दिली ती अशी, की त्याच्या तारेचा आवाज गळ्याशी आणि गळ्याचा आवाज तारेशी जुळतो, आणि दोघांपैकी कोणी दुसऱ्यावर चढून बसत नाही. आजोबांनी हे सुत्त वाचलेले नव्हते. त्यांच्या हाताला ते माहीत होते.

घरी करून पाहा

आमच्या मुलीने परतताना वहीत चार प्रश्न लिहिले. कोणतेही भीमगीत मोबाइलवर लावून घरात सर्वांनी मिळून ही उत्तरे शोधावीत. मुलांना गंमत वाटते आणि मोठ्यांचेही कान उघडतात.

१. न थांबणारा आधाराचा सूर कुठल्या वाद्याचा आहे?
२. गाणाऱ्याच्या मागून तीच चाल कोण वाजवते?
३. शब्द चालू असताना ढोलकी काय करते, आणि शब्द थांबल्यावर काय करते?
४. झील कोण धरते, आणि ती ओळ पुन्हा म्हणते की नुसता सूर लांबवते?

पाचवा प्रश्न आम्ही जोडला: वाजवणाऱ्यांची नावे कुठे लिहिली आहेत का? बहुतेक ठिकाणी ती सापडत नाहीत. आपल्या गायकांची नावे आपल्याला पाठ आहेत, ढोलकीवाल्याचे विचारले की आपण गप्प. मागे बसून दुसऱ्याचा शब्द तोलून धरणारी माणसे आपल्या समाजात फार आहेत. जात्यावरची आजी त्यांतली, जलशातला तुणतुणेवाला त्यांतला. निदान आपल्या विहारातल्या कार्यक्रमात तरी पत्रिकेवर त्यांची नावे छापायला पैसे लागत नाहीत.

आमच्या पथकाचे आता असे ठरले आहे. एक ढोलकी, एक पेटी, एक तुणतुणे, आणि कीबोर्ड सा-प धरण्यापुरता. झीलेला बाया आणि मुले. साउंड लावायचा तो शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला शब्द कळेल एवढाच. हलगीचा निर्णय झालेला नाही. त्यावर विहारात बैठक होणार आहे आणि तिथे आधी बोलतील त्या वस्तीतल्या वडीलधाऱ्या बाया.

ज्यांना जमेल त्यांनी भातकापणीच्या दिवसांत आजऱ्याकडे जरूर जावे. रामतीर्थाचे पाणी ऐकावे, घनसाळचा भात खावा, आणि गावागावांतल्या विहारांत संध्याकाळी तालीम चालू असेल तर मागे जाऊन बसावे.

जय भीम! नमो बुद्धाय!